वेगवेगळ्या किटांचे भाग जोडून मराठा पलटणीचा शिपाई घडवताना

रायगडी
गेली काही वर्षे मी २८ मिलिमीटरच्या प्लॅस्टिक सैनिकांवर टेबलावरचे युद्धखेळ खेळतो. गेल्या पावसाळ्यात मनाशी ठरवले, की दुसऱ्या महायुद्धातल्या इटलीच्या मोहिमेतली पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक सेक्शन, म्हणजे लहान तुकडी, उभी करायची आणि तिच्या पुढे नाईक यशवंत घाडगे असतील. माणगावात त्यांचा पुतळा आहे, त्यामुळे आमच्या भागात हे नाव लहानपणापासून कानावर पडते. १० जुलै १९४४ रोजी अप्पर टायबरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सगळे मारले गेले किंवा जखमी झाले. ते एकटे धावून गेले, हातगोळा टाकून मशीनगन आणि ती चालवणारा अशी दोन्ही निकामी केली, टॉमीगनने (हातात धरायच्या छोट्या मशीनगनने) आणखी एकाला टिपले, आणि मॅगझीन बदलायला वेळ उरला नाही तेव्हा तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने झोडपून ठार केले. लगेच शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपले. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला, तेव्हा वय होते २२ वर्षे.

बंदूक उलटी धरून उगारलेला, डोक्यावर लोखंडी हेल्मेट आणि अंगात उन्हाळी खाकी असलेला शिपाई मला कोणत्याही एका खोक्यात मिळाला नाही. म्हणून चार किटांचे भाग एकत्र करून तो बनवला. त्यात जे शिकलो आणि जे बिघडले, ते सविस्तर लिहितो.

पहिली चूक मी कापाकापी सुरू होण्याच्या आधीच केली होती. ‘भारतीय सैनिक’ म्हणून विकली जाणारी डोकी मागवली आणि आली ती सगळी फेटेवाली. शीख सैनिक हेल्मेट न घालता फेट्यानिशीच लढत, त्यामुळे ती डोकी त्यांच्यासाठी बरोबरच आहेत. पण इटलीतला मराठा शिपाई लढाईत ब्रिटिश सैनिकासारखेच रुंद कडेचे मार्क २ हेल्मेट घालत असे. म्हणजे ज्या डोक्यांसाठी मी पैसे मोजले त्यांची गरजच नव्हती, आणि जी हवी होती ती साध्या ब्रिटिश किटमध्ये पडून होती. तेव्हापासून मी किटची यादी आधी पाहत नाही. वहीत त्या माणसाचे चित्र काढतो, प्रत्येक कपड्यापुढे आणि वस्तूपुढे ती कुठून मिळेल हे लिहितो आणि मगच खरेदीला बसतो.

घाडग्यांसाठी ही यादी अशी ठरली. धड पेरी मिनिएचर्स या कंपनीच्या आठव्या आर्मीच्या (उत्तर आफ्रिकेत लढलेल्या ब्रिटिश फौजेच्या) किटमधून घेतले, कारण त्या सैनिकांच्या अंगात वाळवंटातला पातळ शर्ट आहे. पण पायांत अर्ध्या विजारी आहेत आणि मला लांब विजार हवी होती. पाय वॉरलॉर्ड कंपनीच्या ब्रिटिश पायदळाच्या किटमधून घेतले. ती बॅटलड्रेसची, म्हणजे जाड लोकरीची विजार आहे, म्हणून डाव्या मांडीवरचा नकाशाचा मोठा खिसा तासून सपाट केला. टॉमीगन अमेरिकन पायदळाच्या किटमधली. आणि हात, तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण हात व्हायकिंगांच्या किटमधले आहेत. लांब दांड्याची कुऱ्हाड दोन्ही हातांनी डोक्यावर उगारलेला व्हायकिंग आणि बंदूक उलटी धरून उगारलेला शिपाई यांच्या खांद्यांची ठेवण अगदी एकच असते. अंगरख्याची बाही मनगटापर्यंत येते. तिला मनगटाशी पुटीची केसाएवढी पट्टी लावली की ती शर्टाची बंद केलेली बाही होते.

आता सांध्यांविषयी. माझ्या मते या कामाचे सगळे मर्म एका गोष्टीत आहे: शिंप्याने जिथे आधीच रेघ दिलेली असते, तिथेच कापावे. गणवेशात कमरेचा पट्टा, कॉलर, मनगटपट्टी, बुटावरचे अँकलेट अशा रेघा असतातच, आणि तिथे राहिलेली फट पाहणाऱ्याला कापडाची कड वाटते. दंडाच्या किंवा मांडीच्या मध्यावर कापले, तर सुरकुत्यांच्या ओळी तुटतात आणि कितीही पुटी भरली तरी तो भाग उसवून शिवल्यासारखा दिसत राहतो. पहिला सैनिक मी बरगड्यांखाली कापला होता. एका दुपारी दोन चांगली किटे वाया गेली.

दुसऱ्या वेळी पट्टा वरच्या धडाकडे ठेवला आणि त्याच्या खालच्या कडेला लागून बारीक दातांच्या करवतीने कापले. पायांच्या किटवर मात्र पट्ट्याच्या वरच्या कडेला कापून तो पट्टा कानशीने पूर्ण काढून टाकला. याचे कारण असे, की करवतीच्या पात्याची जाडी प्लॅस्टिक खाते, आणि दोन्हीकडे नेमके रेघेवर कापले तर माणूस जवळजवळ मिलिमीटरभर बुटका होतो. खऱ्या माणसाच्या मापात ते पन्नास-साठ मिलिमीटर भरते, आणि सगळे कमरेतूनच गेल्यामुळे पोट नसलेला माणूस दिसू लागतो. म्हणून खालच्या भागावर थोडे जास्त ठेवावे आणि काचेवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर गोल गोल फिरवत, मधून मधून धड बसवून पाहत उतरवावे. याच वेळी धड किंचित वळवूनही घेता येते. वार करणाऱ्या माणसाची कंबर आणि खांदे एका रेषेत नसतात. मी धड उजवीकडे सुमारे वीस अंश फिरवले आणि त्या एका बदलाने मूर्तीत जीव आला.

बंदुकीचे काम सर्वांत नाजूक होते. कुऱ्हाडीचा दांडा मुठींच्या वर-खाली छाटला, मुठी तशाच ठेवल्या, हातड्रिलने त्यांत आरपार अर्ध्या मिलिमीटरचे भोक पाडले आणि टॉमीगनची नळी कापून त्या जागी पितळी तार घातली. तार दोन्ही मुठींतून जाऊन बंदुकीच्या पुढच्या भागात शिरते, त्यामुळे सांधा मजबूतही झाला आणि नळी हातात धरल्यासारखी दिसू लागली. मॅगझीन काढलेले नाही. ते रिकामे झाले होते, पण बंदुकीतच होते.

फोटो रंगकाम झाल्यावर टाकतो. तोवर कोणाला काही विचारायचे असेल, किंवा माझे कुठे चुकत असेल, तर अवश्य लिहावे.

सोनचाफा
फार मनापासून केलेले काम आहे. मी या छंदात नवीन आहे, म्हणून एक प्राथमिक प्रश्न विचारते. दोन कंपन्यांचे भाग एकत्र आले की प्रमाण बिघडत नाही का? माझ्याकडे दोन किटे आहेत. दोन्हींवर २८ मिमी असे छापलेले आहे, पण एकातले हात दुसऱ्यातल्या सैनिकाला लावले तर तो पंजे सुजल्यासारखा दिसतो.

कानस
सोनचाफा, २८ मिमी हे नीट अर्थाने प्रमाण नव्हेच, ती फक्त उंची आहे; आणि ती तळव्यापासून डोळ्यापर्यंत मोजायची की डोक्याच्या टोकापर्यंत, यावरही सगळ्यांचे एकमत नाही. अंगकाठी किती जाड असावी हे तर त्या आकड्यात कुठेच येत नाही. काही मूर्तिकार खऱ्या माणसाच्या मापात काम करतात. काही जण टेबलावर दोन-तीन फुटांवरून नीट दिसावे म्हणून डोके, पंजे आणि हत्यारे मुद्दाम मोठी ठेवतात, त्याला हिरोइक प्रमाण म्हणतात. दोन्ही रास्त आहेत, मात्र एकाच शरीरावर ती एकत्र नांदत नाहीत.

मी १/५६ हे प्रमाण धरून साधा हिशेब करतो. १७० सेंटिमीटरचा माणूस सुमारे ३०.४ मिलिमीटरचा होतो आणि त्याचे डोळे २८ च्या आसपास येतात. १९४२ नंतरची साधी थॉमसन टॉमीगन ८१ सेंटिमीटर लांब आहे, म्हणजे साडेचौदा मिलिमीटर. ली-एनफील्ड चार नंबरची रायफल ११३ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे २० मिलिमीटर. कॅलिपरने हत्यार मोजले की ते किट कोणत्या मापात बनवले आहे ते लगेच कळते. त्यानंतरचा माझा नियम असा, की हात आणि हत्यार एकाच जातीचे असावे आणि डोके धडाच्या जातीचे. हात थोडे मोठे असले तर खपून जाते. डोके मोठे झाले तर मात्र नजर दुसरीकडे जातच नाही.

पेणकर
आमच्याकडे गणपतीच्या कारखान्यात हात वेगळ्या साच्यातून काढून नंतर धडाला लावतात, त्यामुळे हा धागा फार जवळचा वाटला. लहानपणी काकांकडून एक गोष्ट शिकलो होतो, ती प्लॅस्टिकलाही लागू पडते. हात लावताना सांध्याकडे पाहू नये. मूर्ती हातभर लांब धरून दोन्ही खांद्यांची रेघ पाहावी, आणि ती मनासारखी दिसली की तिथेच हात थांबवावा. सांधा नंतर बुजवता येतो, पण खांदा चुकीच्या जागी बसला तर तो बुजवणार कसा?

रायगडींना एक प्रश्न आहे. दोन्ही हात वर गेले की खांद्याचे कापड वर खेचले जाते आणि काखेत ताण येतो. तुमच्या धडावर मात्र हात खाली असतानाच्या सुरकुत्या असणार. त्याचे काय केले?

रायगडी
पेणकर, नेमकी दुखरी जागा तुम्ही पकडलीत. तिथे मी आधी काहीच केले नव्हते, आणि मूर्ती बरोबर असूनही खोटी का वाटते हे दोन दिवस कळत नव्हते. शेवटी आरशासमोर अंगात शर्ट घालून हातात लाटणे उगारून पाहिले. पट्ट्यात खोचलेला शर्ट कमरेपासून काखेकडे तिरका ताणला जातो आणि खांद्यावर कापडाचा घोळ गोळा होतो. मग छातीच्या बाजूच्या आडव्या सुरकुत्या धारदार पात्याने खरवडून काढल्या आणि हिरव्या पुटीने प्रत्येक बाजूला तीन तिरक्या सुरकुत्या घातल्या. तिसरी सुरकुती दारूगोळ्याच्या पाऊचखाली शिरून संपते. त्यामुळे पाऊच शर्टाच्या वर बसला आहे हे जाणवते, आणि दोन किटांमधली सीमाही त्याच्या आड जाते.

लिंबलोण
डिंकाबद्दल कोणी लिहिलेले नाही, म्हणून विचारतो. मी सगळीकडे फेविक्विक वापरतो. सहज मिळते, स्वस्त आहे. पण खेळताना हात निखळून पडतात आणि कधी कधी आसपास पांढरी बुरशी धरल्यासारखे दिसते.

कानस
फेविक्विक हे सायनोअॅक्रिलेट आहे. ते दोन पृष्ठभागांच्या मध्ये कडक थर बनून राहते आणि तो थर ठिसूळ असतो, म्हणून सैनिक टेबलावरून पडला की हात सांध्यातूनच सुटतो. पांढरी झाक तिच्या वाफेची आहे. बंद डबीत लगेच ठेवू नका आणि थेंब कमी वापरा. ही किटे पॉलिस्टायरीनची असतात. त्यांना द्रावक असलेले प्लॅस्टिक सिमेंट लावावे. ते दोन्ही बाजूंचे प्लॅस्टिक विरघळवते, दाबून धरले की दोन्ही एकजीव होतात आणि द्रावक उडून गेल्यावर तिथे वेगळा थरच उरत नाही. तमियाचे पातळ सिमेंट आपल्याकडे ऑनलाइन मिळते. किंचित जास्त लावून हलकेच दाबले तर सांध्यातून मऊ प्लॅस्टिकचा बारीक कडा वर येतो. तो तसाच राहू द्या, दुसऱ्या दिवशी तासा. पुटीशिवाय फट भरलेली मिळते.

मोठ्या फटींसाठी स्प्रूचे, म्हणजे किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिचे, बारीक तुकडे त्याच सिमेंटच्या जुन्या बाटलीत टाकून ठेवावेत. एक-दोन दिवसांत दाट लगदा होतो. तो किटच्याच प्लॅस्टिकचा असल्यामुळे नंतर कानस सगळीकडे सारखीच चालते.

एक इशारा मात्र गंभीरपणे देतो. अॅक्रिलिक शीटचे काम करणारे क्लोरोफॉर्म वापरतात आणि ‘त्यानेही चिकटते’ असा सल्ला आपल्या मंडळींमध्ये फिरतो. चिकटते हे खरे, पण त्याची वाफ यकृताला घातक आहे. बंद खोलीत, लहान मुले जवळ असताना तो प्रयोग कोणीही करू नये. साधे सिमेंट लावतानाही खिडकी उघडी असावी.

जुनाखेळ
माझे वय आता सत्तरीकडे झुकले आहे. आमच्या वेळी जे छोटे सैनिक हाती येत ते मऊ पॉलिथिनचे असत आणि त्यांना कोणताच डिंक धरत नसे. डोके बदलायचे झाल्यास ब्लेडने मान कापायची, टाचणी तापवून अर्धी धडात आणि अर्धी डोक्यात खुपसायची, एवढाच उपाय होता. रंगही टिकत नसे, बंदूक वाकली की त्याचे पापुद्रे निघत. १९७० च्या दशकात एअरफिक्सने १/३२ प्रमाणात हात, पाय, डोकी सुटी असलेले मल्टिपोज सैनिक काढले. त्यांतला आठव्या आर्मीचा एक संच मला एका नातेवाइकांनी विलायतेहून आणून दिला, तेव्हा एकाचा हात दुसऱ्याला लावता येतो हे पाहून मी रात्रभर झोपलो नव्हतो. त्याआधीपासून फ्रान्सच्या हिस्टोरेक्सने ५४ मिलिमीटरच्या नेपोलियनकालीन किटांत हेच केले होते. घोड्याच्या खोगिराची बक्कलदेखील वेगळी.

आता अडचण हाताची आहे. बोटे थरथरतात. रायगडींनी अर्ध्या मिलिमीटरचे भोक पाडल्याचे वाचले आणि आपल्याला हे जमणार नाही असे वाटून गेले.

कानस
काका, भोक हातात धरून पाडूच नका. मूर्ती एम-सीलच्या गोळ्यात अर्धी रुतवा, गोळा कडक होऊ द्या. मूर्तीला आधी व्हॅसलीन लावलेले असेल तर नंतर ती सुटते. दोन्ही मनगटे टेबलाच्या कडेला टेकवा आणि ड्रिलच्या आधी सुईच्या टोकाने खड्डा करून घ्या, म्हणजे टोक घसरत नाही. थरथर ही कोपर अधांतरी असल्यामुळेही बरीच वाढते. आणि वर ज्या पेरी मिनिएचर्सचा उल्लेख आला, त्यातल्या मायकेल पेरी यांनी १९९६ मध्ये क्रेसी येथील ऐतिहासिक लढाईच्या प्रात्यक्षिकात तोफेच्या अपघातात उजवा हात गमावला आणि नंतर ते डाव्या हाताने मूर्ती घडवायला शिकले. तुमच्याकडे दोन हात आणि पन्नास वर्षांचा अनुभव आहे.

एम-सील आधारासाठी उत्तम, पण सुरकुत्यांसाठी वापरू नये असे माझे मत आहे. ते लवकर ताठ होते आणि कडा भरड राहतात. निळी-पिवळी मिसळून होणारी हिरवी पुटी तासाभर तरी हाताखाली वळते, थोडी लवचिक राहते आणि रात्रभरात पक्की होते. हत्यार ओले ठेवले की ती चिकटत नाही.

ध्रुवतारा
हेल्मेटबद्दल एक पुरवणी. वायव्य युरोपातल्या ब्रिटिश किटांत मार्क ३ हेल्मेटची डोकीही असतात, खोलगट, कासवाच्या पाठीसारखी. ते हेल्मेट नॉर्मंडीच्या चढाईत पहिल्यांदा लढाईत उतरले, म्हणून इटलीतल्या मराठा शिपायाला ते लावू नका. पसरट बशीसारखे दिसते तेच घ्या. त्याच किटमधून पाय घेतल्यावर डोकेही तिथलेच उचलण्याचा मोह होतो, म्हणून लिहिले.

याखेरीज माझ्या मनात एक शंका आहे आणि ती मोकळेपणाने मांडतो. घाडग्यांचे ते शेवटचे क्षण आहेत. त्यांची मूर्ती करून फाशांच्या खेळात ती पुढे-मागे सरकवणे मला जरा खटकते. रायगडींचा हेतू चांगला आहे यात संशय नाही.

रायगडी
ध्रुवतारा, हा प्रश्न मलाही पडला होता आणि त्याचे उत्तर शोधायला वेळ लागला. ही मूर्ती खेळात उतरणार नाही. ती वेगळ्या लाकडी बैठकीवर राहील, खाली नाव आणि तारीख असेल. टेबलावर सेक्शनचा नाईक म्हणून दुसरा सैनिक बनवला आहे, तोच चेहरा, तीच टॉमीगन, पण छातीशी नेहमीसारखी धरलेली. माझ्या मुलाने पहिल्यांदा विचारले, की या बाबांनी बंदूक उलटी का धरली आहे, तेव्हा मी त्याला सगळे सांगितले. आता तो घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. एवढ्यासाठी तरी ती मूर्ती असावी असे मला वाटते.

हेल्मेटबद्दल आभार. तपासले, तीन डोकी चुकीची निघाली. बदलतो.

पेणकर
मग व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणाऱ्या नामदेव जाधवांचीही मूर्ती करावी, अशी माझी विनंती आहे. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर त्यांनी एका जखमी साथीदाराला उचलून खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या काठावरून सुखरूप नेले, मग परत येऊन दुसऱ्या जखमीला नेले, आणि त्यानंतर मशीनगनची ठाणी बंद पाडली. ते १/५ मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, म्हणजे त्याच पाचव्या मराठाच्या पहिल्या बटालियनचे होते. पाठीवर माणूस घेतलेला सैनिक कसा बांधावा, याचा विचार करतो आहे, पण दोन शरीरांचा सांधा डोळ्यांपुढे येत नाही.

रायगडी
मी विचार केला आहे, आणि पाण्यातला प्रसंग निवडला तर काम सोपे होते. जखमीसाठी धड आठव्या आर्मीचेच घ्यावे. खालचा शिपाई वाकलेला हवा, म्हणून त्याला पळणाऱ्या सैनिकाचे पाय लावून धड कमरेत पुढे झुकवावे. वरच्या माणसाची छाती आणि खालच्याची पाठ सपाट तासून एकमेकांवर बसवावी. मध्ये खालच्या सैनिकाचा पाठीवरचा पॅक अजिबात ठेवू नये, नाहीतर ओझे हवेत तरंगते. जखमीचे हात खालच्याच्या मानेभोवती येतील. त्यासाठी रायफल खांद्याला लावलेले हात चालतात, कारण त्यांचे कोपर योग्य कोनात वाकलेले असतात. रायफल काढली की मुठी उरतात, त्या तासून बोटे पुटीने करावी लागतील. सर्वांत मोठी सोय पाण्याची आहे: मांडीखाली काहीच दिसणार नाही, त्यामुळे दोन किटांच्या पायांची उंची जुळवावी लागत नाही. फक्त कापण्यापूर्वी पाण्याची पातळी दोघांच्याही पायांवर पेन्सिलने एकाच रेषेत आखून घ्यावी, आणि ती आखताना मूर्ती बैठकीच्या उतारावर ठेवलेली असावी, कारण तिथे नदीचा तळ काठाकडे चढत जातो.